चढणाऱ्याचं नाव

प्रिय माकडा,

रागावू नकोस. या नावाने हाक मारायचा हक्क मी कधीच घालवलाय, ठाऊक आहे मला. पण तुझं कागदावरचं नाव लिहायला हात धजेना. वहिनी बऱ्या आहेत ना? तुझा डावा गुडघा अजून कुरकुरतो का? सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही आणि आता कुठून हिला पुळका आला, असं म्हणशील. म्हण. तुझ्या जागी मी असते तर पत्र न उघडताच चुलीत घातलं असतं.

शाळेच्या फाटकाजवळचं ते थोरलं झाड आठवतं ना? उद्या बारापर्यंत मला त्याच्या कागदावर सही करायची आहे. सोमवारी शाळा उघडतेय, त्याआधी आपल्या ऑफिसातल्या साहेबांना त्याचं मुंडकं पुन्हा उडवलेलं हवंय. वरून सपाट, टेबलासारखं, म्हणजे पालकांच्या तक्रारी बंद. कागदावर मात्र लिहायचं, 'नियमावलीनुसार छाटणी'. नियमावली माझ्याच टेबलावर असते रे, चहाच्या कपाचे डाग पडलेत तिच्यावर! एका हंगामात पाव हिस्स्याहून जास्त हिरवं काढायचं नाही, फांदी बुडाच्या फुगीर कडेपाशीच कापायची, शेंडा उडवायचा नाही. तू तर ती न वाचताच पाळायचास.

साहेब म्हणतात, वाढतं की परत, एवढं काय मनाला लावून घेता. जसं काही झाड म्हणजे न्हाव्याकडे बसलेलं गिऱ्हाईक! वाढतं, तेच तर दुखणं आहे. नऊ वर्षांपूर्वी उडवलेल्या शेंड्याच्या कडेने घाईघाईने फुटवे आले, आज ते माझ्या मांडीएवढे जाड झालेत. खालून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय डेरेदार झाड! पण ते फुटवे नुसत्या सालीला धरून आहेत, आत लाकडात त्यांचं मूळच नाही. परवा मी शिडी लावून वर गेले, वयाला शोभत नाही तरी गेले. हातोडी मारली तर बुंध्यातून रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. पुन्हा शेंडा उडवला तर पुन्हा तसलेच फुटवे येणार आणि आतली कूज आणखी खाली उतरणार. खाली फाटक आहे. सकाळी आठला तिथे दीडशे पोरं घंटेची वाट बघत उभी असतात.

मग नाही म्हणून टाक की, असं तू म्हणशील. तुला काय, तू नाही म्हणतोस आणि दोर सोडून चालू पडतोस. मी ठरले खुंटी. हे नाव तूच ठेवलंस मला. तू वर असलास की चार चार तास दोर धरून एका जागी उभी राहायचे, नाकावर माशी बसली तरी हलायचे नाही. चौदा वर्षं तुझा जीव माझ्या हातात होता आणि एकदाही दोर सुटला नाही. याचा मला केवढा माज होता! लोकांना सांगत फिरायचे.

आता सांगते, कशी अडकले ते. आपल्या कामाची एक रीत होती, तुला माहीतच आहे. कामाचा तक्ता सकाळीच भरून ठेवायचा, कारण नंतर हात चिकाने बरबटतात आणि कागद हाताला चिकटतो. झाड, दिनांक, चढणाऱ्याचं नाव, सगळं आधीच. त्या सकाळीही मी तुझं नाव लिहून ठेवलं. मग तू वर गेलास, साहेबांचा निरोप आला की शेंडाच उडवा, आणि तू खाली उतरलास. पट्टा सोडलास, दोर माझ्या पायाशी ठेवलास आणि म्हणालास, खुंटे, हे काम माझ्याकडून होणार नाही. मी तुला हट्टी गाढव म्हटलं. मग ठेकेदाराची माणसं बोलावली. त्यांनी तासाभरात सगळं साफ केलं आणि मी तक्ता दप्तरात टाकला. तुझं नाव खोडायचं राहून गेलं. देवाशपथ, त्या दिवशी खरंच राहून गेलं.

पण तीन वर्षांनी एक फुटवा फाटून शाळेच्या पहारेकऱ्याच्या पायावर पडला आणि चौकशीत तो तक्ता निघाला, तेव्हा काही राहून गेलं नव्हतं. तू सांगितलंस, मी उतरलो होतो, हिला विचारा. सगळे माझ्याकडे वळले. ठेकेदाराची माणसं परवान्याशिवाय मी चढवली होती, ते बाहेर आलं असतं तर नोकरी गेली असती, नोकरीबरोबर हे क्वार्टर. आईला जिना चढवत नाही, दुसरीकडे तळमजला कुठे मिळायचा, हेच डोक्यात फिरत होतं. मी म्हणाले, आठवत नाही. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं रे.

तुझा परवाना गेला. आणि साहेब, ज्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांनी तेव्हापासून मला अशी पकडून ठेवलीय की विचारू नकोस. कुठल्याही झाडाचं मुंडकं उडवायचं असलं की कागद माझ्याच टेबलावर. मी कुरकुर केली की हसून म्हणतात, बाई, तुमची स्मरणशक्ती तशी कच्चीच, नाही का? सहा वर्षांत एकतीस झाडं. ऑफिसला जाताना मी मागच्या गल्लीने जाते, म्हणजे त्यातलं एकही दिसत नाही.

आज सकाळी साहेबांनी तेच वाक्य पुन्हा टाकलं. मी कागद घेतला, घरी आले, आईला समोर बसवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या पोराला आधी कळव. म्हणून हे पत्र. उद्या बाराला मी सहीचा कागद कोराच परत देणार आहे आणि त्यासोबत चौकशी समितीला अर्ज: फाटक आजच बंद करा, झाड तपासून नियमाप्रमाणे टप्प्याटप्प्याने हलकं करा, नाहीतर पूर्ण उतरवा, आणि जुनी चौकशी पुन्हा उघडा. ते तुला बोलावतील. आलास तर माझ्याशी बोलू नकोस, चालेल. अर्जातलं शेवटचं वाक्य मात्र तू कुणा तिसऱ्याच्या तोंडून ऐकू नयेस, म्हणून ते इथे उतरवते. मला आठवतं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तो खाली उतरला, त्याने एकही फांदी कापली नव्हती, आणि त्याचा दोर माझ्या हातात होता.

तुझीच,
खुंटी