बारावं हाड

९ सप्टेंबर
पोचले. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीखाली पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं अंगण. संध्याकाळपर्यंत चार वेळा खाली जाऊन आले, एका जागी बसवेना. खोलीतल्या एमोकेने माझ्या आईने भाजून दिलेल्या खाऱ्या पोगाचा बिस्किटांचा निम्मा डबा संपवला आणि म्हणाली, तुझ्या आईलाच इथे राहायला बोलाव. बाबा मेंढपाळ. घरातली पहिली पदवीधर मी होणार. स्टेशनवर ते एवढंच म्हणाले, की ‘मला येत नाही’ म्हणण्यात आमचा जन्म गेला, तू म्हणू नकोस.

१७ सप्टेंबर
इथली जुनी पद्धत: कापडी पिशवीत अकरा हाडं, हात आत, डोळे मिटलेले. प्राणी कोणता, हाड कोणतं, डावं की उजवं. होलोशी सर म्हणतात, गाईच्या पोटात हात घातल्यावर डोळे काय कामाचे? पिशव्या भरणाऱ्या गिझीमावशींचा नियम वेगळाच. न ओळखलेल्या हाडाला नाव द्यायचं नाही. ‘माहीत नाही’ म्हणून पिशवी परत करायची. मी अकराच्या अकरा ओळखली. मावशी म्हणाल्या, पोरी, जरा चुकायला शीक.
उजव्या मनगटाजवळचा उंचवटा दुखतोय. लहानपणी मेंढ्याने धडक देऊन मोडलं होतं ते हाड.

२ ऑक्टोबर
आज अकरा हाडं झाल्यावरही पिशवीत आणखी एक, अनोळखी हाड. लहान, गुळगुळीत. मेंढीचं नक्की नाही. सगळे बघत होते. मी सांगितलं, वासरू, पुढचा डावा पाय. सरांनी पिशवी उलटी केली. अकराच हाडं, ते नव्हतंच. सर म्हणाले, हुशारी उतू जातेय. वर्ग हसला. मावशींनी फक्त विचारलं, नाव दिलंस का?

९ ऑक्टोबर
आज दोन. एकमेकांत बसणारी. कोमट. त्यांनाही नावं दिली. गप्प राहणं जमलंच नाही.

१५ ऑक्टोबर
मावशी म्हणाल्या, नाव मिळालं की ते हाड पिशवीतल्या ‘त्या’ला जोडलं जातं. एकदा ‘माहीत नाही’ म्हण, तुला सोडेल. आरशासमोर उभी राहून प्रयत्न केला. ओठ हलतात, शब्द येत नाही. तीस तारखेला तोंडी परीक्षा. नापास झाले तर जागा गेली, मग मेंढ्याच.

२२ ऑक्टोबर
आज मी चाचपलं नाही. त्यानेच मला चाचपलं. आधी अंगठा, मग एकेक बोट. प्रत्येक सांध्यावर थांबत, मी थांबते तसं. पुस्तकातल्या क्रमाने.

२३ ऑक्टोबर
उजव्या हातातून कप पडला. डाव्या हाताने लिहितेय. एमोके म्हणते, हात तर छान दिसतोय, परीक्षेची नाटकं पुरेत. दाबला तर आत हाड लागत नाही —

२९ ऑक्टोबर
कोपरापर्यंत पोचलं. मावशींना शोधलं. रजेवर आहेत. उद्या म्हणेन. नक्की म्हणेन. माहीत नाही, माहीत नाही — लिहिता तर येतं —

३० ऑक्टोबर
अकरा झाली. मग बारावं. लांब, हलकं. ‘माहीत नाही’ म्हणायला तोंड उघडलं, आणि डाव्या हाताचं बोट त्या हाडावरच्या उंचवट्यावर टेकलं. आज ते हाड मला माहीत होतं.
मी सांगितलं. माणूस. मुलगी. उजवा हात, मनगटाजवळ जुना मोड.
सरांनी पिशवी उलटी केली. बारा. उत्तर बरोबर, म्हणाले.
माझी उजवी बाही रिकामी लटकतेय. बाबांना कळवायला हवं, पास झा —
डावा अंगठा. कुणीतरी डावा अंगठा चाच —