सोडलेले बॉल

प्रिय कोल्बी,

तुझं पत्र मिळालं. हा सीझन संपला की बेसबॉलला रामराम ठोकून घरी येणार आणि बाबांच्या टायरच्या दुकानात उभा राहणार, असं एका दमात लिहून मोकळा झालास. कारण काय, तर बॅटिंगची सरासरी तळाला गेली. सरासरीचं मला सांगू नकोस. रोज सकाळी कॉफीच्या आधी मी तीच बघते आणि मग दिवसभर तुझ्या बाबांवर करवादते.

पण काल तुमचे बॅटिंग कोच ओकाम्पो यांचा फोन आला. तू जायचं म्हणतोयस म्हणून काळजीत होते बिचारे. म्हणाले, सरासरीत सगळंच दिसत नाही. तुझ्या बॅटवरून बॉल सुटतो तो संघात सगळ्यांत वेगाने. सध्या नेमका कुणाच्या तरी हातात जाऊन बसतो, एवढंच. आणि मुख्य म्हणजे, गेल्या वर्षी मारण्याजोगा नसलेला, बाहेरचा बॉल दिसला की तू बॅट फिरवायचासच, आता त्यातले निम्म्याहून जास्त सोडून देतोस. “हे शिकायला पोरांना वर्षं लागतात, मिसेस हेगन,” ते म्हणाले. “पण दिसेल त्या बॉलवर बॅट फिरवायची ती खोड त्याला लागली कुठून?”

मला ठाऊक होतं. खांदा निखळल्यापासून तुझ्या बाबांचा एक बॉल धड येत नव्हता. मागच्या अंगणात तुला बॉल टाकायचे, तर एक घोट्यापाशी पडायचा, दुसरा डोक्यावरून जायचा. आणि तू एवढासा, प्रत्येकावर जीव तोडून बॅट फिरवायचास. एक सोडायचा नाहीस, कारण सोडला असतास तर आपला नेम गेलाय हे त्यांना कळलं असतं. भांडी घासता घासता मी खिडकीतून बघायचे आणि मला भरून यायचं. इतक्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

काल जेवताना तुझ्या बाबांना सांगितलं. त्यांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “मला वाटायचं, पोराला बॉल कुठून येतोय ते दिसतच नाही.” हसले, आणि हसता हसता डोळे पुसले.

आज उठल्याबरोबर त्यांनी मला कागद घेऊन बसवलं. त्यांच्या हातात आता पेन ठरत नाही, म्हणून मी लिहिते आहे, पण पुढचे शब्द त्यांचेच आहेत. “डोरीन, लिही त्याला,” म्हणाले. “दुकानाचं माझं मी बघेन. माझ्यासाठी बॅट फिरवणं आता पुरे झालं. खेळाचा कंटाळा आला असेल तर खुशाल ये म्हणावं. पण माझी कीव येऊन परत येत असेल, तर दार उघडणार नाही.” दार मी उघडेन, ते तुला ठाऊक आहे. तरी येऊ नकोस रे, राजा.

तुझीच,
आई