ऐकण्याच्या दिवशी

प्रिय बुटके,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची तीन गुडघेदुखी आणि हवापाण्यावरच संपली, ती फाडली. तुझ्या ताईच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी तुला जे सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं आज सांगते. ते वाचून तू माझं तोंडही बघणार नाहीस, अशी मला धास्ती आहे. साठी उलटल्यावर नवी मैत्रीण कुठून आणू गं मी?

तू मुलाकडे राहायला गेलीस, त्याला आता नऊ वर्षं झाली. आपलं मंडळ मी रेटतेय. अजूनही दर तिमाहीला अडलेल्या माणसांचं ऐकायला शाळेच्या त्याच वर्गात जमतो. ज्यांचं दुखतंय त्यांना हातांची मोठी खुर्ची, आणि शहरातल्या दानशूर मंडळींना बालवर्गातली बाकं, ही तुझी पद्धत मी मोडलेली नाही. सराफांचे गुडघे हनुवटीला लागतात, डॉक्टरीणबाई उठताना दोघांचा आधार घेतात, पण कुणी तक्रार करत नाही. आपली पहिली बैठक आठवते? शाळेत पाणी नाही हे मुख्याध्यापिकांच्या तोंडून ऐकून मंडळी इतकी हेलावली, की आठवड्याच्या आत पाणी गार करायची पाच यंत्रं दारात येऊन पडली. अगं, पण नळालाच पाणी नव्हतं ना! तू कमरेवर हात ठेवून त्या पाच यंत्रांसमोर उभी राहिलीस आणि हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दिवशी तू नियम केलास. ऐकण्याच्या दिवशी कुणी काही द्यायचं नाही, कबूलसुद्धा करायचं नाही. महिनाभर चौकशी करायची, डोकं चालवायचं, मग बोलायचं. नियम चांगला होता. त्या नियमामुळेच पुढच्या वर्षी नळाला पाणी आलं.

या खेपेचा विषय होता बंद झालेल्या बसचा. इस्पितळाकडे जाणारी ती एकच बस होती, ती बंद झाली आणि पलीकडच्या वस्तीतली आजारी माणसं घरातच अडकली. ताई त्यांतलीच. आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करून घ्यायला जायची, चार तास त्या यंत्राला लावून घ्यायची आणि परत येऊन तीन जिने चढायची. बस गेल्यावर तिच्या खेपा चुकायला लागल्या. तुला कळवायचं नाही, तू सगळं टाकून धावत येशील, असं तिनं मला बजावलं होतं. मी दोनदा तिला टॅक्सीनं घेऊन गेले. मग बैठकीची कामं अंगावर आली, आणि मला वाटलं, एवीतेवी ती बोलायला येणारच आहे, तिथेच काहीतरी मार्ग निघेल.

ती बोलली, आणि काय बोलली गं! रडगाणं नाही की काही नाही. यंत्राला लावलेलं असताना शेजारच्या म्हाताऱ्याशी पत्ते कसे खेळते, तो लबाड कसा हरल्यावर झोपेचं सोंग घेतो, ते सांगून सगळ्यांना हसवलं. मग म्हणाली, मला दुसरं काही नको, सोमवारी आणि गुरुवारी कुणीतरी तिथवर नेऊन सोडा, येताना मी येईन कशीबशी. आणि आपले ट्रकवाले, सगळ्यांत मागच्या बाकावर बसणारे, जे नऊ वर्षांत दोन वाक्यं बोलले नसतील, ते उठून उभे राहिले. माझी एक लहान गाडी रिकामीच असते, म्हणाले, येत्या सोमवारपासून ताईंच्या दारात उभी राहील.

आणि मी त्यांना खाली बसवलं. आज फक्त ऐकायचं, नियम म्हणजे नियम, असं म्हणाले. वर हसलेसुद्धा. ते बिचारे लाजून बसले. ताईकडे बघायची माझी हिंमत झाली नाही, पण तीच खुर्चीतून म्हणाली, बरोबर आहे हो तिचं, माझ्या धाकट्या बहिणीनंच केलाय तो नियम. केवढ्या कौतुकानं म्हणाली! तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

पुढे मी तिला रोज फोन करायचे. जाऊन आलीस का? हो, आले. मी विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणं सोयीचं होतं. ती गेलीच नव्हती. पाच खेपा चुकल्या. बैठकीनंतर एकोणिसाव्या दिवशी सकाळी तिची शेजारीण ती गेल्याचं सांगायला माझ्या दारात आली. डॉक्टर नंतर म्हणाले, वेळेवर येत राहिली असती तर अजून काही वर्षं सहज काढली असती. तिला शेवटचं न्यायला गाडी आली ती ट्रकवाल्यांचीच, न बोलावता. तुला वाटलं मीच सांगून मागवली. माझे दोन्ही हात धरून तू म्हणालीस, तू होतीस म्हणून माझी ताई एकटी पडली नाही. आणि मी निर्लज्जासारखी ते ऐकून घेतलं.

यातलं बरंचसं तुला आता कळलंय, हे मला ठाऊक आहे. काल ट्रकवाले घरी आले होते. गाडीबद्दल आभार मानायला तू त्यांना फोन केलास, आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून बैठकीचं निघालं. तू म्हणे एवढंच विचारलंस, तो नियम माझाच ना? त्यांनी हो म्हटलं आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून माझाही फोन उचलत नाहीस. मी मुलाला विचारलं, तर म्हणाला, आई धड जेवत नाही, खिडकीशी बसून असते. अगं वेडे, म्हणून हे पत्र. माझ्यावर हवी तेवढी चीड, संबंध कायमचे तोड, पण तू स्वतःला त्यात ओढू नकोस. तुला आठवत नसेल, तिकडे गेल्यावर दुसऱ्याच वर्षी तू मला लिहिलं होतंस, की नियम वस्तूंपुरताच ठेव, माणूस आजारी असेल, अडलेला असेल, तर कुणाला थांबवू नकोस, त्याच दिवशी हात दे. मी ते वाचून हसले होते. म्हटलं, मुलाच्या घरी जाऊन बाईसाहेब मऊ पडल्या. मंडळाला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही, पत्र कपाटात टाकून दिलं. आज ते शोधून काढलं आणि यासोबत पाठवतेय. अक्षर तुझं आहे, वर तारीख आहे, नीट बघ. बुटके, तू नियम बदलला होतास. मी बदलू दिला नाही.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
लंबू