वृंदासाठी सुरी

फरिदाबाद,
२२ नोव्हेंबर १९८६

प्रिय कुमुद,
अनेक आशीर्वाद. तुझा फराळ पोचला. चकल्या अर्ध्या मोडल्या होत्या, चव शाबूत होती. इथं थंडी पडू लागली आहे.

वृंदाताई स्वतः का लिहीत नाही, असं तू दोन्ही पत्रांत विचारलंस. सांगतो. आधी माझी बातमी ऐक. कारखान्यात पाती कडक करण्याच्या भट्टीवर माझी उमर गेली, पण घरासाठी कधी साधी सुरी केली नव्हती. या महिन्यात केली. अर्धचंद्रासारखं पातं, वर मूठ. दाबून झुलवलं की भाजी चिरली जाते.

पहिलं पातं लाल करून पाण्यात बुडवलं आणि ते टण्णकन तडकलं. त्या पोलादाला तेल लागतं हे मला माहीत होतं, पण मन जागेवर नव्हतं. शेजारचा सुखबीर म्हणाला, "यार गुणवंत, आज पहली बार भट्टी देखी है क्या?" दुसरं कोमट तेलात बुडवलं. कडक झालेलं पातं तसंच वापरलं तर काचेसारखं फुटतं, म्हणून ते मंद आचेवर पुन्हा तापवलं, गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढेपर्यंत.

अशी सुरी एका हातानं चालते, कुमुद. गणपतीच्या दिवसांत वृंदाला अर्धांगाचा झटका आला. आता बोलते, चालते. उजवा हात उचलला जात नाही. "कुमुदला कळवू नका, संसार टाकून धावत येईल," म्हणून तिनं मला शपथ घातली होती. स्वयंपाकघरात तर ती येईचना. मी विळीवर बसलो की बाल्कनीत जाऊन उभी राही.

सुरी पाहून म्हणाली, "अच्छा, म्हणजे आता माझं हत्यार वेगळं." आणि हात लावला नाही.

परवा मी अंघोळ करून आलो, तर ओट्यापाशी उभी राहून डाव्या हातानं दुधी चिरत होती. फोडी लहानमोठ्या, एक खाली पडलेली. मी म्हणालो, "दे, मी करतो."

"तुम्ही कुकर लावा," ती म्हणाली.

जेवताना स्वतःहून म्हणाली, "कुमुदला लिहा आता."

तर नाताळच्या सुटीत ये. रडायचं असेल तर स्टेशनवर माझ्यापाशी रडून घे. घरी मात्र तिच्या हातातली सुरी घेऊ नकोस. ती चिरेल तेवढं आणि चिरेल तसं आपण खाऊ.

तुझ्या ताईचा आणि तुझाही,
गुणवंतभाऊजी