अक्षदाचं वजन, बारदान वजा जाता

मु. कापडे, ता. पोलादपूर
दि. ८ जून

तीर्थस्वरूप सौ. कमलताईच्या पायांशी धाकट्या दत्तारामचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग कागदावरच. प्रत्यक्षात हल्ली खाली वाकलो की वर यायला कुणाचा तरी हात लागतो. त्याचं कारण पुढे येईल.) इकडे आम्ही तिघंही धडधाकट आहोत, म्हणजे त्या दोघी मायलेकी धडधाकट आहेत आणि मी आहे. तुझी साखर कशी आहे? भाऊजींचा गुडघा जिना चढू देतो का? लिफ्ट दुरुस्त झाली की अजून सोसायटीची मीटिंगच चालू आहे? तू म्हणशील, फोन सोडून पत्र कशाला. तर ताई, फोनवर तू 'जेवलास का' पासून सुरुवात करतेस आणि माझी पाळी येईपर्यंत भाऊजी दुसऱ्या खोलीतून चहा मागतात. पत्रात मधे बोलता येत नाही, एवढाच त्याचा फायदा. बाकी पत्रामागे काही हेतू नाही. सहज लिहितोय.

अक्षदा बारावी झाली हे तुला ठाऊकच आहे. टक्के विचारू नकोस, पास झाली. तिला कॉलेजात जायचंय ते कबड्डी खेळायला, आणि जमलं तर मधल्या वेळात शिकायला. हे तिने मला चौथी-पाचवीत असताना सांगितलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं, पण ती हे दोन वर्षं रोज सांगते आहे, आणि सांगायची तिची पद्धत अशी की मी कंपनीची पावणेसातची बस गाठायला उंबऱ्याबाहेर पाय टाकला की मागून माझा घोटा धरते. ती डाव्या कोपऱ्यावर खेळते. चढाई करून परतणाऱ्याचा घोटा धरायचा हे त्या जागेचं काम, आणि आमच्या घरात परतणारा मी एकटाच. आजवर तीन वेळा डब्यासकट अंगणात पडलोय. तिसऱ्यांदा कंपनीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात मला विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हणालो, मुलगी खेळाडू आहे. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, पण ते मी म्हणालो तेवढंच नसावं, खूप वेळ लिहीत होत्या.

आता तिच्या खाण्याबद्दल. मी कंपनीत हजेरी मांडायला टाइम ऑफिसात बसतो, त्यामुळे माझ्याकडे मोबाइल आणि मोकळा वेळ दोन्ही असतं. त्यात एका पैलवानासारख्या दिसणाऱ्या माणसाचे व्हिडिओ पाहून मी तिचा आहार ठरवला. नाचणीची भाकरी, उकडलेली अंडी, कुळथाचं पिठलं, भिजवलेले शेंगदाणे. मंजुळाला व्हिडिओ पटले नाहीत. तिच्या मते तो माणूस बोलतो फार आणि जेवतो कधी ते दिसत नाही. म्हणून माझा आहार झाला की ती वर आपला आहार वाढायची, म्हणजे भात, तूप आणि 'एवढंसं' गोड. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरात अंडं शिजायचं नाही, तर मी मागच्या दारी तीन दगड मांडून उकडायचो आणि मंजुळा घरात पोथी वाचता वाचता खिडकीतून ओरडायची, 'आवो, चार कशाला, सा टाका, पोर दिसभर पळते!' पोर खरंच पळत होती. पण आम्ही दोघं मिळून तिच्या पुढे पळत होतो.

कारण वजन. कुमारी गटात पासष्ट किलोच्या वर मुलगी चालत नाही. गेल्या डिसेंबरात महाडला जिल्ह्याची निवड चाचणी होती. त्यात निवड झाल्याचा कागद असेल तर पुढे कॉलेजात खेळाच्या कोट्यातून प्रवेश मिळतो, नाहीतर टक्क्यांवर, आणि टक्के विचारू नकोस असं मी वर लिहिलंच आहे. म्हणजे सगळं त्या पासष्टावर अडलेलं. घरात वजनकाटा नाही, तेव्हा मी तिला दर रविवारी भाताच्या गिरणीत नेऊन मोजायचो. (हो, सोमाच्याच गिरणीत. पत्र खाली ठेवू नकोस. तू चोरून कबड्डीच्या सामन्याला गेलीस त्याची चुगली त्याने बाबांकडे केली म्हणून तू बत्तीस वर्षं त्याच्याशी बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे. पण गावात मोठा काटा त्याच्याकडेच आहे, त्याला मी काय करू?) चाचणीच्या आदल्या रविवारी काट्याने दाखवलं चौसष्ट किलो सहाशे ग्रॅम. चारशे ग्रॅम हातात! मला इतका आनंद झाला की मी तिला तडक पोलादपूर नाक्यावर नेऊन दोन वडापाव घेऊन दिले.

आता ऐक. डिसेंबर म्हणजे भात गिरणीला यायचा मोसम. तू विसरली असशील, पण पोतं काट्यावर चढलं की रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं, वजन कापून घेतात. पूर्वी तोंडी कापायचे. आता सोमाने इलेक्ट्रॉनिक काटा आणलाय, आणि तो काट्यालाच सांगून ठेवतो की किलोभर आधीच वजा कर, मग आकडा दाखव. या किलोभरावरून मी दर वर्षी त्याच्याशी भांडतो. बारदान आठशे ग्रॅमचं आणि कापतोस किलो, असं म्हणून एका वर्षी मी रिकामं पोतं हातात घेऊन ग्रामपंचायतीपर्यंत गेलो होतो. अख्ख्या कापड्यात ही वजावट तोंडपाठ असलेला माणूस कोण, तर मी. आणि पोटची पोर काट्यावर उभी केली तेव्हा मला बारदान आठवलं नाही. रिकाम्या काट्यावर वजाचं चिन्ह दिसत असतं म्हणे, पण त्यावर कोंड्याचा थर असतो, आणि माझी नजर पोरीच्या तोंडाकडे होती.

महाडला वजनाच्या टेबलाशी सकाळी साडेआठला आकडा आला पासष्ट किलो सातशे. मी त्या साहेबांना म्हणालो, तुमचा काटा बिघडलाय. ते म्हणाले, उभे राहा. मी उभा राहिलो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत आलं होतं तेवढंच माझं वजन आलं, ग्रॅमसुद्धा इकडे तिकडे नाही. ते चांगले गृहस्थ होते, म्हणाले दहा वाजता यादी बंद, तोवर उतरवा. ताई, सातशे ग्रॅम म्हणजे मुलीच्या अंगातून नेमकं काय कमी करायचं असतं? मंजुळाने तिच्या कानातलं काढलं, हातातला काळा दोरा काढला, आणि मग गावदेवीचा अंगारा पुसावा की नाही यावर पाच मिनिटं घालवली. अक्षदा रडली नाही. तिने माझा स्वेटर, आईचा स्वेटर आणि माझी प्लॅस्टिकची कोट-पँट (मोटारसायकलवरची, तीच) अंगावर चढवली आणि मैदानाला फेऱ्या मारायला लागली. तिला एकटं वाटू नये म्हणून मीही सोबत पळालो. अडीच फेऱ्यांनंतरचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा प्रथमोपचाराचं सगळं सामान माझ्याभोवती होतं, आयोजकांच्या पाण्याची अर्धी टाकी माझ्या अंगावर होती, आणि माझ्या बाजूने पळत जाताना अक्षदा ओरडत होती, 'पप्पा, उठू नका गो बाई, तिथंच ऱ्हावा!' (घाईत ती मलाही गो म्हणते.)

तेवढ्यात मोटारसायकलवरून सोमा आला. सकाळी गिरणीत पहिलं पोतं काट्यावर टाकताना त्याच्या डोक्यात उजेड पडला होता. फोन लावला तर माझा फोन मंजुळाच्या पिशवीत, मग तसाच कोंड्याने माखलेला निघाला. म्हणाला, 'दत्ता, पोरगी पोत्याच्या हिशेबात मोजली रे आपन.' भांडायला मला उठता येत नव्हतं म्हणून भांडण झालं नाही. त्याच्या खिशात आमसुलांची पुडी होती. एक आमसूल अक्षदाच्या तोंडात ठेवून म्हणाला, 'गिळू नको गो. चघळ, थुंक, आनि पळ.' तोंडाला पाणी सुटतं ते थुंकायचं, घामाने सुटतं ते सुटू द्यायचं. हे त्याला कुठून कळलं विचारलं तर सांगेना. पाऊण तास पोरीने मैदान लाल करून सोडलं. लांबून बघणाऱ्या एका बाईंना वाटलं मुलीला रक्ताची उलटी होते आहे, त्यांनी रिक्षासुद्धा बोलावली. दहाला पाच कमी असताना ती काट्यावर चढली. चौसष्ट किलो नऊशे पन्नास. त्यानंतर तासाभराने ती खेळली, पाच पकडी केल्या, आणि निवड झाली. 'निवड झाली' एवढंच तुला फोनवर कळवलं होतं, कारण बाकी सगळ्यात सोमा होता.

पुढे राज्य स्पर्धेत आपला जिल्हा दुसऱ्याच सामन्यात हरला, पण तुमच्या ठाण्याच्या एका कॉलेजचे सर तिथे बसले होते. त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं, माझा नंबर घेतला, आणि परवा फोन करून कॉलेजच्या संघाच्या चाचणीला बोलावलं. मी त्या दिवसापासून जेवतोय, पण चव कळत नाही. मुलगी हरली असती तर काय करायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. ती जिंकली तर काय करायचं, याचा मी विचारच केला नव्हता. मंजुळा वरून खंबीर आहे आणि आतल्या खोलीत जाऊन पापड मोजते. खेळाडूचा बाप म्हणून गावात मान मिळतो, पण तिच्या बॅगेची चेन माझ्याच्याने लागेना, हे तुला सांगायला हरकत नाही.

असो. फार लांबलं. भाऊजींना नमस्कार, गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावावं. तू गोड कमी खा. पत्राला काही हेतू नाही असं मी सुरुवातीलाच म्हटलं आहे.

तुझा,
दत्ताराम

ता. क. : एक लहानसं काम होतं. त्या कॉलेजला मुलींचं वसतिगृह नाही. चाचणीत अक्षदाला घेतलं तर तीन वर्षं ती तुझ्याकडे राहील का? भात दोन वेळा, नाचणी एक वेळ, अंडी मी तुझ्यावर सोडतो. पहाटे पाचला उठून जाते, त्या वेळी भाऊजींनी दाराशी उभं राहू नये, विशेषतः दुखऱ्या पायावर.

दुसरा ता. क. : तू हो म्हणण्याआधी एक सांगायला हवं. खोट्यावर पोरीला तुझ्या घरात ठेवायची मला हिंमत नाही. पोलादपूरच्या त्या सामन्याला मैदानाबाहेर सोमाची सायकल उभी होती, म्हणून चुगली त्याने केली असं तू धरलंस. सायकल त्याचीच होती, ताई, पण ती मी मागून आणली होती. बाबांना मी सांगितलं. मी सहावीत होतो, आणि गावात मला सगळे कमळीचा भाऊ म्हणायचे, माझं नाव कुणी घेत नव्हतं. तेवढ्यासाठी. बाबांनी तुझं खेळणं बंद केलं तेव्हा तू माळ्यावर बसून रडलीस आणि मी खाली पुस्तक उलटं धरून वाचत होतो. त्यानंतर बोलायचं धाडस झालं नाही, आणि मग इतकी वर्षं झाली की आता बोलून काय, असं वाटायला लागलं. माझं चुकलं. परवा सोमाला हे सांगितलं तर पोतं शिवता शिवता म्हणाला, 'म्हायती हाय. माजी सायकल कोनी नेली ते मला ठाव नसनार व्हय?' मग बोलला का नाहीस म्हटलं, तर म्हणाला, 'तुमी दोगंच भावंडं. माज्याशी नाय बोलली तर चालतंय. तुज्याशी बोलायची ऱ्हायली असती तर?'

तिसरा ता. क. : पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलं असशीलच. चाचणी उद्या सकाळी साडेसातला आहे. सोमा तांदूळ घेऊन ठाण्याला येणारच होता, म्हणून अक्षदाला त्याच्याच टेम्पोतून पाठवली. पत्र पुरतं वाचून होईपर्यंत तिने दाराबाहेरच थांबायचं असं मी तिला बजावलं आहे. पोर तिथेच उभी असेल, आणि तिच्या मागे, दोन पायऱ्या खाली, तिची बॅग धरून सोमा. माझ्याशी काय बोलायचं ते सावकाश बोल, नाही बोललीस तरी चालेल. पण त्या दोघांना आत घे.