आई, एवढी एक सुई शिकून घे

प्रिय आई,

ऑर्हूसहून मार्यूनचा नमस्कार. मी आता बरी आहे, हे आधी वाच.

गेल्या आठवड्यात बेकरीत उलट्या होऊन कोसळले. उन्हाशिवाय काळवंडलेली कातडी, सारखी मिठाची हाव, जिना चढताना गळणारे पाय, हे सगळं एकाच आजाराचं निघालं. मूत्रपिंडांवरच्या दोन लहान ग्रंथी बंद पडल्यात. त्यांचं काम आता गोळ्या करणार, जन्मभर.

माझ्याबरोबर काम करणारी बिर्था म्हणाली, "मला वाटायचं, तू आळशी झालीस." मलाही तसंच वाटत होतं, आई.

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, "ताप आला तर गोळ्या वाढवायच्या. उलटीत गोळी पडून गेली, तर लगेच मांडीत इंजेक्शन, आणि रुग्णवाहिका बोलवायची. घरी टोचणारं कोण आहे?"

इथे बिर्था टोचेल, पण तिकडे घरी आल्यावर कोण, म्हणून मी तुझं नाव सांगितलं. बाबा तर रक्त बघूनच आडवे होतात. त्यांचा गुडघा कसा आहे? मेंढ्यांना चारा पुरतोय ना?

ईस्टरला बोटीने घरी येतेय. आधी संत्र्यावर सराव करू. मेंढी सोलताना तुझा हात थरथरत नाही. माझ्यावर थरथरला, तरी टोच.

तुझीच, जरा दमलेली,
मार्यून