तारीख नसलेलं देणं

कुम-बुलाक, बुधवार

प्रिय मेलिस,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. हे पत्र मिनीबसवाला ओरोझबेक थेट तुझ्या हातात देईल, कचेरीत दुसऱ्या कुणाकडे नाही. त्याला तशी शपथच घातली आहे. दार लावून वाच. आणि आधीच रागावू नकोस, शेवटी काय ते एकदम रागाव.

मी आईकडे आले आहे. परीक्षा तोंडावर असताना ही थोरली बहीण बिश्केकच्या कॉलेजातलं शिकवणं सोडून गावात काय करते, असं तुला वाटेल. त्यासाठी सोमवारपासून सांगावं लागेल.

सोमवारी पहिल्या वर्षाला माझा बातमीचा तास असतो. पुस्तकातल्या 'अ' आणि 'ब' कंपन्यांना कंटाळून मी तो सुरू केला, तेव्हा एजे आता हिशेबाच्या तासाला गावगप्पा शिकवणार म्हणून तू किती हसला होतास! पोरांनी पेपरातून खऱ्या कंपनीची बातमी कापून आणायची आणि त्या कंपनीच्या डोक्यावरचं देणं फळ्यावरच्या तीन रकान्यांपैकी एकात टाकायचं. बहुतेक द्यावंच लागणार, ते ताळेबंदात. लागेल न लागेल, ते नुसतं खाली टीप म्हणून. लागण्याची शक्यताच नाही, ते कुठेच नाही. डेअरीवरचा खटला, विमान कंपनीने आगाऊ घेतलेली भाडी, कशावरूनही पोरं अशी भांडतात की शेजारच्या वर्गातून निरोप येतो.

या सोमवारी सुयुमकान नावाची मुलगी उभी राहिली. एरवी तोंडातून शब्द काढत नाही. तिने आपल्या जिल्ह्याच्या साप्ताहिकातलं कात्रण आणलं होतं. तोगुझ-ताश खाणीच्या गाळाच्या तलावाचा बांध झिरपतो आहे, बर्फ वितळण्याआधी दुरुस्ती करा, असा तपासनिसांचा हुकूम. खर्च चार कोटी सोम. वर्गाने एका आवाजात पहिला रकाना सांगितला. मग तिने कंपनीचा छापील अहवाल उघडला आणि शेवटच्या पानावरची टीप वाचली. दुरुस्तीची तारीख निश्चित नसल्याने रक्कम धरलेली नाही. खाली मुख्य हिशेबनिसाची सही. तुझी ती लांब शेपटीची सही मी झोपेतही ओळखीन, मेलिस. माझं आडनाव नवऱ्याचं, त्यामुळे पोरांना काही कळलं नाही. मी खडू खाली ठेवला.

सुयुमकान म्हणाली, “बाई, माझ्या आजीला तरी मरणाची तारीख कुठे ठाऊक आहे? पण कफनाचं कापड आणि जेवणाचे पैसे तिने ट्रंकेत काढून ठेवलेतच ना?”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. तुझ्या टिपेतलं वाक्य माझं आहे रे. तुझी परीक्षा होती, तू स्वयंपाकघरात माझ्यासमोर वही घेऊन बसला होतास, मी बोरसोक तळत होते. देणं आहे पण कधी ते माहीत नाही, तर काय करायचं, असं तू विचारलंस. तेल तापलं होतं, मी घाईत होते. म्हटलं, तारीख नाही ना, मग खाली टीप टाक आणि पुढे हो. तू ते निळ्या शाईने लिहून घेतलंस. कधी होईल ते माहीत नसणं आणि होईल की नाही ते माहीत नसणं, यातला फरक मी तुला सांगितलाच नाही. माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष होतं, कदाचित मलाच तो नीट कळला नव्हता. सोमवारी वर्गासमोर कबूल केलं की मी एकाला चुकीचं शिकवलं आहे. कुणाला, ते सांगितलं नाही.

पण सगळी चूक माझ्या कढईवर ढकलू नकोस. चार कोटी पहिल्या रकान्यात गेले तर बँक कर्ज देणार नाही, साहेब चिडतील, कंपनीचं घर जाईल, दोन्ही मुलींची शाळा सुटेल, हे मला दिसतं. तुझ्या जागी मीही घाबरले असते. पण रक्कम धरलीच नाही, तर दुरुस्तीला पैसा येणार कुठून? कागदावर नाही ते तुमचा साहेब कधी करतो का?

काल मी आपल्या गावाच्या वरच्या त्या बांधाच्या पायथ्याशी गेले होते. पूर्वी जिथे आपण वासरं बांधायचो, तिथे आता बूट रुततात. गुरांच्या खुरांच्या खड्ड्यांत राखाडी पाणी साचलं आहे. मी ओलीच्या कडेला एक काठी रोवून आले. आज सकाळी पाहिलं तर ओल काठीच्या पुढे दोन पावलं सरकली होती. वर डोंगरावर बर्फ अजून सगळं शिल्लक आहे. मेलिस, मला भीती वाटते. किटली उकळायला लागली तरी मी दचकून दाराकडे पाहते. आई चेष्टा करते, म्हणते, शहरात राहून तुझं काळीज सशाचं झालं.

मी आईला न्यायलाच आले होते. ती हलत नाही. शेजारी तुर्दुबाय बातमी वाचून सामान बांधत होता. मग आईला अंगणात दह्याचे कुरुत वाळवताना पाहिलं आणि त्याने सामान परत सोडलं. हिशेबनिसाची आई इथे बसली आहे, म्हणजे काळजी नाही, असं सगळा गाव म्हणतो. साठ घरं आहेत. तुझी टीप त्यांनी कुणी वाचलेली नाही. ते आईकडे बघून राहिले आहेत.

काल दुपारी मी तिला सगळं सांगितलं. टीप, सही, माझी कढई, सगळं. तिने चहाचा पेला खाली ठेवला. मग उठली आणि तिची ती हिरवी ट्रंक उघडली. पांढरं कापड, तुझ्या नावाने ठेवलेला गालिचा, गाठ मारलेले पैसे. एकेक काढून पाहिलं, परत घडी घालून ठेवलं, कुलूप लावलं. म्हणाली, “मी येते. पण ट्रंक मेलिसने उचलायची. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत.”

तिच्या कफनाची ती ट्रंक घराबाहेर निघाली तर गाव काय समजेल, हे तुला मी सांगायला नको. संध्याकाळपर्यंत एक घर मागे राहणार नाही. तुझ्या साहेबालाही कळेल. ते सगळं ठाऊक असूनच आईने तुझं नाव घेतलं. मी उचलते म्हटलं, तर तिने माझा हात बाजूला केला. तू येईपर्यंत ती इथेच आहे आणि तिला सोडून मी जाणार नाही. म्हणून हे पत्र. टीप नंतर दुरुस्त कर, नोकरीचं नंतर बघू, माझ्या घरी तुम्हा चौघांना जागा आहे. ओरोझबेक उद्या सकाळी आठला तिथून इकडे परत निघतो. त्याच्या शेजारची जागा मी तुझ्यासाठी सांगून ठेवली आहे, भाडंही दिलं आहे. काठी मी आता तिसऱ्यांदा मागे रोवली, बाळा. ये.

रस्त्याकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच एजे